धर्म सोडला, पण मनाचे काय? : धम्मदीक्षा आणि मानसिक आधाराचा इतिहास

दरवर्षी अशोक विजयादशमी जवळ आली की एक प्रश्न हमखास विचारला जातो. धर्म बदलून तुम्हाला मिळाले काय? विचारणाऱ्याला उत्तर नको असते, चिमटा काढायचा असतो. शिक्षणाचे, नोकऱ्यांचे, साहित्याचे दाखले देऊन देऊन आपली माणसे थकली. या लेखात आम्ही त्या वादात पडणार नाही. आम्हाला दुसराच प्रश्न महत्त्वाचा वाटतो, आणि तो विरोधकांनी नव्हे, आपल्याच तरुणांनी विचारलेला आहे. धर्म सोडल्यानंतर मनाचे काय करायचे?

हा प्रश्न सभेत माईकवर कुणी विचारत नाही. सभा संपते, सतरंज्या गुंडाळल्या जात असतात, तेव्हा कुणीतरी बाजूला येऊन हळूच बोलते. मातंग घरातली एखादी मुलगी, एकटीने दीक्षा घेतलेली. भावाला अपघात झाला तेव्हा आई म्हणाली, तू देव सोडलेस म्हणून हे झाले. मुलीला ते पटत नाही, पण रात्री झोपही लागत नाही. ओबीसी घरातला एखादा इंजिनिअर मुलगा सांगतो की गणपतीत आरतीला उभा राहिला नाही म्हणून वडिलांनी कित्येक महिने अबोला धरला आहे. तिसऱ्या पिढीतला बौद्ध पोरगा सांगतो की परीक्षेच्या आदल्या रात्री हात आपोआप जोडले जातात आणि मग स्वतःचीच लाज वाटते. ही सगळी माणसे बुद्धीने मोकळी झालेली आहेत. भीती मात्र अंगात राहिली आहे.

अमेरिकेत या अवस्थेला नाव मिळाले आहे. मार्लिन विनेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी, ज्या स्वतः मिशनरी आईवडिलांच्या घरात वाढल्या, कट्टर चर्च सोडणाऱ्या माणसांसाठी १९९३ साली ‘लीव्हिंग द फोल्ड’ हे पुस्तक लिहिले आणि २०११ मध्ये ‘रिलिजस ट्रॉमा सिंड्रोम’ ही संज्ञा मांडली. आजारांच्या अधिकृत यादीत ही संज्ञा नाही. पण तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९९४ च्या निदानपुस्तिकेत ‘धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या’ अशी एक नोंद घेतली. तिचा अर्थ आजार असा नाही. या कारणासाठी माणूस मदत मागायला येऊ शकतो, एवढी ती कबुली आहे. पुढे धर्म सोडणाऱ्यांचे आधारगट निघाले, आणि उपचारात देवधर्म न घुसडणारे समुपदेशक शोधून देणारा एक प्रकल्पही २०१२ मध्ये सुरू झाला.

हे वाचून आपल्यातल्या काहींना वाटते की हे सगळे पाश्चात्त्यांकडून शिकायचे आहे. आमचे म्हणणे असे की धर्म सोडणाऱ्या माणसाच्या मनाला सावरण्याचे काम महाराष्ट्रात त्याच्या कितीतरी आधी झाले, तेही लाखोंच्या संख्येने. त्याला कुणी थेरपी म्हटले नाही, एवढेच. आणि जे काम तेव्हा अर्धे राहिले, त्याचे ओझे आजचा तरुण एकट्याने वाहतो आहे.

आधी एक फरक सांगितला पाहिजे. अमेरिकेतला माणूस चर्च सोडतो तेव्हा चर्च त्याला टाकते. आईवडील, मित्र, लग्नाचा जोडीदार, रविवारची सकाळ, सगळे एकदम जाते. तो एकटा पडतो, ही त्याची जखम. १९५६ साली आपल्या लोकांनी धर्म सोडला तो वस्तीच्या वस्तीने. सोबतीला सगे होते. पण गाव तेच राहिले. पाटील तोच, विहीर तीच, आणि हाक मारण्याची रीतही तीच. आपण धर्म सोडला, जातीने आपल्याला सोडले नाही. म्हणून ‘धर्म सोडल्यानंतरचा आघात’ हा शब्द आपल्याकडे जसाच्या तसा लागू करता येत नाही. ‘नंतर’ म्हणावे असा दिवस आपल्या वाट्याला पूर्णपणे आलेलाच नाही. जखम भरत असताना त्याच जागी पुन्हा मार बसत राहतो.

वर्णधर्म माणसाच्या मनावर ताबा ठेवणारा धर्म होता का, असे कुणी विचारेल. ज्या धर्माने पाणी कुठून प्यावे, दागिना कोणता घालावा, मेलेले ढोर कुणी ओढावे, मुलाचे नाव काय ठेवावे इथपर्यंत ठरवले, त्याला दुसरे काय म्हणायचे? आणि हा ताबा फक्त काठीने चालत नव्हता. देवळात प्रवेश नव्हता, पण देवाची भीती पुरेपूर होती. पटकी आली की मरीआई कोपली. देवी निघाल्या की माता अंगात आली. घरात एकामागून एक लेकरे गेली तर उरलेल्याचे नाव दगडू, धोंडू, कचरू ठेवायचे, म्हणजे मृत्यूलाही ते नकोसे वाटेल. बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ या पुस्तकात महारवाड्यातला आषाढ आहे, अंगात येणाऱ्या बाया आहेत, देवीला वाहिलेला थोरला मुलगा पोतराज होऊन अंगावर कोरडे ओढताना दिसतो. ज्या समाजाकडे काहीच नव्हते त्याने आपली पोरे देवाला दिली. कुणाची मुलगी मुरळी झाली, कुणाची जोगतीण.

या सगळ्याच्या वर कर्मसिद्धांताचे झाकण. तू हीन जन्माला आलास, कारण मागच्या जन्मी तू पाप केलेस. यापेक्षा पक्का तुरुंग कुणी बांधलेला नाही, कारण यात कैदी स्वतःच स्वतःवर पहारा ठेवतो. मारणारा निर्दोष सुटतो आणि मार खाणारा आपले पाप शोधत बसतो. आज समुपदेशक ज्याला आत्मग्लानी किंवा अपराधगंड म्हणतात, तो आपल्याकडे वैयक्तिक स्वभावदोष कधीच नव्हता. तो शास्त्राने शिकवलेला धडा होता.

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. १९३६ च्या ‘जातिभेदनिर्मूलना’त त्यांनी मांडले की जात म्हणजे काही विटांची भिंत नव्हे की पाडली आणि संपली, ती मनाची अवस्था आहे. म्हणून शास्त्रांच्या पावित्र्यावरच घाव घातला पाहिजे. आपण हे वाक्य राजकीय अर्थाने वाचतो. ते रोगनिदान म्हणूनही वाचून पाहावे.

आता घटनाक्रम बघू. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याची घोषणा झाली. त्यानंतर एकवीस वर्षे गेली. इतका उशीर का, यावर पुष्कळ चर्चा झाली आहे. राजकारण होते, गोलमेज आणि पुणे करारानंतरची परिस्थिती होती, इतर धर्मांचा अभ्यास होता, पुढे घटनेचे काम आले. ही सगळी कारणे खरी आहेत. पण आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. माणसाच्या मनातून देव काढायचा तर वेळ लागतो, आणि तो वेळ नुसता वाट पाहण्यात गेला नाही.

३० आणि ३१ मे १९३६ ला मुंबईत महार परिषद झाली. तिथे बाबासाहेबांनी केलेले भाषण ‘मुक्ती कोन पथे?’ या नावाने प्रसिद्ध आहे. तरुण मित्रांनी ते पुन्हा वाचावे, आणि या वेळी त्यातला वकील नव्हे, वैद्य शोधावा. घोषणा होऊन आठ महिने झाले होते. लोक घाबरलेले होते. वाडवडिलांचा धर्म कसा सोडायचा? राजकीय हक्क जातील का? धर्म बदलून खरेच काही बदलेल का? बाबासाहेब या एकेका शंकेला हात घालतात. कुणाला भेकड म्हणून हिणवत नाहीत, कुणाला घाईही करत नाहीत. ऐहिक बाजू मांडतात, आध्यात्मिक बाजू मांडतात, आणि शेवटी निर्णय ऐकणाऱ्यांवर सोपवतात, बुद्धाच्या स्वयंप्रकाशाच्या उपदेशाची आठवण देऊन. घाबरलेल्या माणसाशी कसे बोलावे याचा हा नमुना आहे.

लगेच पुढच्या महिन्यात परळच्या दामोदर हॉलमध्ये आणखी एक सभा झाली. ती फारशी कुणाला माहीत नाही. त्या सभेला आले होते देवदासी, पोतराज, भुत्ये, आराधी, जोगतिणी. म्हणजे ज्यांचे शरीरच देवाच्या नावाने लिहून दिलेले होते ती माणसे. कामाठीपुऱ्यातल्या स्त्रियांशी बाबासाहेब तिथे जे बोलले त्यातली भाषा आज आम्हाला कठोर वाटते. समाजाच्या अब्रूचे ओझे त्या बायांच्या डोक्यावर टाकणे आम्हाला पटत नाही. पण धर्मांतराची चळवळ घोषणेच्या पहिल्याच वर्षात कुणापर्यंत पोहोचली होती हेही बघा. धर्माने सर्वांत खोल जखम ज्यांना केली होती, त्यांना आधी बोलावले गेले. त्यांना वगळून ‘सभ्य’ लोकांचे धर्मांतर करणे सोपे होते.

मग शेवटच्या टप्प्याची तयारी. ४ मे १९५५ ला भारतीय बौद्ध महासभा. फेब्रुवारी १९५६ मध्ये ‘जनता’चे ‘प्रबुद्ध भारत’ झाले. वंदना कशी करायची याची छोटी पुस्तिका. आणि प्रकृती ढासळत असताना लिहून काढलेला ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’. जुने घर पाडण्याआधी नव्या घराचे छप्पर घातले जात होते. आज धर्म सोडणाऱ्या अनेकांचे नेमके इथेच चुकते. यूट्यूबवर चार व्हिडिओ बघून देव्हारा रिकामा होतो, पण संकटाच्या रात्री कुणाकडे जायचे, बाळाचे नाव कसे ठेवायचे, बाप गेला तर काय करायचे, यातले काहीच ठरलेले नसते.

१४ ऑक्टोबर १९५६. कुशीनगरचे भदंत चंद्रमणी महास्थविर यांच्याकडून बाबासाहेबांनी त्रिशरण-पंचशील घेतले आणि मग स्वतः लाखो लोकांना दीक्षा देऊन २२ प्रतिज्ञा दिल्या. या प्रतिज्ञांवर आजही वाद होतात. दिल्लीत २०२२ साली त्या जाहीरपणे म्हटल्या गेल्या म्हणून एका मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. ‘नकारात्मक’ आहेत, देवांचा अपमान करतात, असे म्हटले जाते. आमच्या मते असे म्हणणाऱ्यांना भीतीचा अनुभवच नाही.

ज्याला अंधाराची भीती वाटते त्याला ‘घाबरू नकोस’ म्हणून भागत नाही. हात धरून त्या अंधारातून चालवावे लागते. प्रतिज्ञा हेच करतात. ‘सर्व मिथ्या देव’ असे मोघम बोलून त्या थांबत नाहीत. ब्रह्मा, विष्णू, महेश, राम, कृष्ण, गौरी, गणपती, एकेकाचे नाव घेऊन, प्रथमपुरुषी एकवचनात, मोठ्याने, लाखोंच्या साक्षीने ‘मी’ हे मानणार नाही असे म्हणवून घेतात. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या कोपाच्या धाकात जगलो त्यांची नावे घेऊन नकार दिला, आणि वीज पडली नाही. शेजारचा माणूस जिवंत, आपण जिवंत, कडेवरचे पोर जिवंत. हे हजार पुस्तकांनी होणारे काम नव्हते.

नुसत्या नकारावर प्रतिज्ञा थांबतही नाहीत. मैत्री आहे, अष्टांगमार्ग आहे, दारू न पिण्याची शपथ आहे. आणि मग आपला नवा जन्म होत आहे असे मानण्याची प्रतिज्ञा आहे. हिच्याकडे नीट पाहा. ज्या माणसाला आयुष्यभर सांगितले गेले की तू मागच्या जन्मीच्या पापाची फळे भोगतोस, त्याला आज सांगितले जाते की तुझा जन्म आत्ता, या मैदानावर झाला. मागच्या जन्माचे खाते बंद. कर्माच्या हिशेबावर याहून नेमका इलाज आम्हाला माहीत नाही. आणि तो आत्मा-पुनर्जन्म नाकारणाऱ्या माणसाने ‘जन्म’ हाच शब्द वापरून केला.

त्यानंतर गावोगाव जे झाले त्याच्या आठवणी आपल्या घराघरांत आहेत. टाक, मूर्ती, परड्या, हळदीकुंकवाचे करंडे टोपल्यांत भरून नदीत सोडले गेले. मेलेली ढोरे ओढणे बंद झाले, त्यावरून गावांनी बहिष्कार टाकले. कचरू-धोंडूच्या पोरांची नावे सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद, सुजाता झाली. नाव बदलणे ही साधी गोष्ट नाही. लेकराला हाक मारताना रोज वीस वेळा तोंडातून घाण यायची, ती थांबली.

आणि मग ६ डिसेंबर. दीक्षेनंतर अवघ्या ५३ व्या दिवशी बाबासाहेब गेले.

त्या दिवशी नवदीक्षितांच्या मनात काय आले असेल याचा विचार आम्ही नेहमी करतो. ज्याने देव सोडायला सांगितले तोच गेला. गावातला कुणीही म्हणू शकत होता, आणि म्हणालेही असतील, की बघा, कोप झाला. एका अर्थाने ही सगळ्या चळवळीच्या मनाची परीक्षा होती. ७ डिसेंबरला दादरच्या स्मशानभूमीत भदंत आनंद कौसल्यायन यांनी तिथे जमलेल्या शोकाकुल समुदायाला दीक्षा दिली. चितेपाशी दीक्षा! भीतीला दिलेले याहून सडेतोड उत्तर कोणते असेल? नागपुरात त्याच दिवसांत संघरक्षित हे इंग्रज भिक्खू पोहोचलेले होते. कस्तुरचंद पार्कवरच्या शोकसभेत आणि मग पुढचे काही दिवस वस्त्यावस्त्यांतून ते बोलत राहिले. बाबासाहेब गेले, धम्म आहे, एवढेच ते पुन्हा पुन्हा सांगत होते. (याच संघरक्षितांच्या वर्तनावर पुढे पाश्चात्त्य देशांतल्या त्यांच्याच शिष्यांनी गंभीर आरोप केले. एका धर्माचा ताबा सुटला म्हणून दुसऱ्या गुरूच्या ताब्यात जायचे नसते, हे त्यामुळे विसरता कामा नये.)

जनगणनेत महाराष्ट्रात १९५१ साली बौद्ध होते जेमतेम अडीच हजार. १९६१ साली जवळपास २८ लाख. म्हणजे बाबासाहेब गेल्यावर लोक परत फिरले नाहीत. त्यांना कुणी धरून ठेवले? भिक्खू तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. नेते आपसात भांडत होते. धरून ठेवले ते वस्तीतल्या विहाराने, शाहिरांनी आणि बायांनी. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी १९८९ च्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकात चळवळीतल्या स्त्रियांना बोलते केले, ते यासाठी जरूर वाचावे. संध्याकाळी काम आटोपून विहारात जमणाऱ्या बाया वंदना म्हणत, मग बोलत बसत. कुणाचा नवरा पितो, कुणाचे पोर दगावले, कुणाच्या सासूने गुपचूप नवस बोलला. वामनदादा कर्डकांसारख्या शाहिरांची गाणी त्याच अंगणात गायली जात. आजच्या भाषेत याला आधारगट म्हणतात. फी नव्हती, वेळ घ्यावी लागत नव्हती, आणि ऐकणारीला जात समजावून सांगावी लागत नव्हती.

इथपर्यंत अभिमानाने सांगता येते. पण सगळे बरे झाले असे सांगणे खोटे ठरेल. भिंतीवर बुद्ध आणि माळ्यावर म्हसोबा अशी घरे तेव्हाही होती, आजही आहेत. पोराला ताप चढला की म्हातारी कोपऱ्यात लिंबू ठेवते. चळवळीतल्या पुष्कळ मंडळींनी अशा माणसांना सावरण्याऐवजी झोडपले. गद्दार म्हटले, भर सभेत नावे घेतली. ‘मुक्ती कोन पथे?’ मधली रीत विसरून माणसाच्या भीतीला त्याचा गुन्हा ठरवले. परिणाम काय झाला? देव गेले नाहीत, फक्त लपले. आणि माणसाच्या मनात पूर्वीच्या भीतीत आणखी एक भीती आली, समाजबांधवांना कळण्याची.

दुटप्पी जगण्याची सक्ती सरकारनेही केली, हे तर साफ विसरले जाते. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार हिंदू सोडून इतर धर्मातल्या माणसाला अनुसूचित जातीचा मानले जात नव्हते. १९५६ मध्ये शिखांचा समावेश झाला. बौद्धांना १९९० पर्यंत थांबावे लागले. राज्याने आपल्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या सवलती गेल्या. चौतीस वर्षे एका समाजाला सांगितले गेले की घरात बौद्ध राहा, कागदावर हिंदू राहा, नाहीतर मुलाची शिष्यवृत्ती आणि नोकरी गमवा. शाळेच्या दाखल्यावर एक आणि मनात एक घेऊन एक अख्खी पिढी वाढली. त्या पिढीच्या मनावर याचे काय झाले, याचा अभ्यास कुठल्या विद्यापीठाने केला आहे?

आता आजच्या दवाखान्याकडे येऊ. धर्म सोडलेला तरुण घरी बोलू शकत नाही, विहारात लाजतो, म्हणून समुपदेशकाकडे जातो. तिथे काय होते? आमच्या कानावर येणारे अनुभव बरेचसे एकाच साच्याचे आहेत. ‘जातीचा इतका विचार करू नका.’ ‘घरच्यांसाठी हात जोडायला काय जाते?’ ‘कशावर तरी श्रद्धा हवी.’ एका मुलाला तर भेटीच्या शेवटी गीतेचे छोटे पुस्तक हातात ठेवले गेले.

ते पुस्तक तिथे योगायोगाने आलेले नाही. भारतीय मानसोपचारात याची जुनी परंपरा आहे. जसवंतसिंग नेकी या नामवंत मनोविकारतज्ज्ञांनी १९७३ साली गुरू-चेला नाते हा उपचाराचा भारतीय नमुना होऊ शकतो, अशी मांडणी केली. अर्जुन रुग्ण आणि कृष्ण उपचारक, गीता म्हणजे पहिली मानसोपचाराची बैठक, असे सांगणारे लेख आपल्याकडच्या वैद्यकीय नियतकालिकांतून अनेकदा येऊन गेले. नेकींच्या विद्वत्तेबद्दल आम्हाला शंका नाही. पण गुरूपुढे चेल्याने मान तुकवायची हा नमुना एकलव्याच्या वारसाला कसा चालेल? आणि गीतेतला ‘उपचार’ तरी काय आहे? अर्जुनाला आप्तांना मारणे अयोग्य वाटते, त्याचे हात थरथरतात. उपाय म्हणून त्याला सांगितले जाते की तुझा वर्णधर्म पाळ. गीता चातुर्वर्ण्याला तत्त्वज्ञानाचा आधार पुरवते हे बाबासाहेबांनी ‘कृष्ण आणि त्याची गीता’ या लेखात दाखवून दिले आहे. ज्या पुस्तकाने जखम केली, तेच मलम म्हणून चोळायचे, असा हा प्रकार आहे.

दुसरी एक फसवणूक याहून सूक्ष्म आहे. रोहित वेमुलाने १७ जानेवारी २०१६ ला जीव दिला. डॉ. पायल तडवी २२ मे २०१९ ला गेली. अशा प्रत्येक घटनेनंतर शिक्षणसंस्था समुपदेशन केंद्राची पाटी लावतात. छळणाऱ्यावर कारवाई नाही, पण छळलेल्याला तणाव हाताळण्याचे प्रशिक्षण. फ्रान्ट्झ फॅनन हा कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञ अल्जीरियातल्या ब्लिदाच्या इस्पितळात काम करत होता. जी राजवट माणसाला रोज स्वतःपासून तोडते तिच्यात बसून एकेका रुग्णाला बरे करणे निरर्थक आहे, असे कळवून त्याने राजीनामा दिला. साल होते १९५६. रोहितच्या आईने आणि भावाने १४ एप्रिल २०१६ ला दादरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या घराने आपल्या दुःखाचे काय करायचे ते असे ठरवले.

म्हणून काय, डॉक्टरकडे जायचेच नाही? हा निष्कर्ष कुणी काढू नये. फॅननची आणि बाबासाहेबांची नावे घेऊन ‘आपल्याला गोळ्यांची गरज नाही, क्रांतीची आहे’ म्हणणारे कार्यकर्ते आम्ही पाहिले आहेत. आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्न जात नाही, मरणाचे विचार येतात, अशा माणसाला प्रतिज्ञा पाठ करायला सांगणे हा क्रूरपणा आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, केसपेपर काढून जाता येते. १४४१६ हा केंद्र सरकारचा टेलि-मानसचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फोन फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येते. विपश्यनेचेही तसेच. इगतपुरीला दहा दिवस गप्प बसून अनेकांना बरे वाटते, पण गंभीर मनोविकारावर हा उपाय नाही असे त्या केंद्रांच्या नियमावलीतच लिहिलेले आहे. खोल निराशेत असलेल्या मुलाला तिकडे पाठवू नका.

कायदा आपल्या बाजूने आहे, तो वापरायला शिकले पाहिजे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चे तिसरे कलम सांगते की समाजात प्रचलित असलेल्या नैतिक, सामाजिक मूल्यांशी किंवा धार्मिक श्रद्धांशी न जुळणे या आधारावर कुणालाही मनोरुग्ण ठरवता येणार नाही. ‘देव फेकले म्हणजे डोके फिरले’ म्हणून पोरीला बळजबरीने डॉक्टरकडे, नाहीतर बाबाकडे ओढणाऱ्या नातेवाइकांना हे कलम वाचून दाखवा. बाबा-मांत्रिकाच्या मारहाणीसाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा वेगळा आहेच, त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांना प्राण द्यावे लागले, आणि तेही पेशाने डॉक्टर होते. २०१७ च्याच कायद्याचे अठरावे कलम जात, धर्म, लिंग यांवरून भेदभाव न होता उपचार मिळण्याचा हक्क देते.

समुपदेशकाच्या पहिल्या भेटीत आपण प्रश्न विचारू शकतो, हेही अनेकांना माहीत नसते. जातीच्या अनुभवांवर तुम्ही पूर्वी कुणाबरोबर काम केले आहे का? मी धर्म सोडला आहे, परत जाण्याचा सल्ला मला नको आहे, हे तुम्हाला चालेल का? माझे बोलणे घरच्यांना सांगणार का? उत्तर देताना समोरचा अवघडला तर हरकत नाही, शिकायची तयारी दिसली तरी पुरे. चिडला, हसला किंवा ‘आम्ही जातपात मानत नाही’ म्हणून विषय संपवला, तर दुसरीकडे जावे. पैसे आपण देतो, आणि सरकारी असेल तर करही आपणच भरतो. ‘द ब्लू डॉन’सारखा बहुजन तरुणांनी उभा केलेला आधारगटही आहे, जिथे सुरुवात जात समजावून सांगण्यापासून करावी लागत नाही. आपल्या मुलामुलींनी मानसशास्त्र, समाजकार्य, मनोविकृतिशास्त्र या शाखांकडे वळावे असे आम्ही म्हणतो ते यासाठीच. सगळ्यांनीच स्पर्धा परीक्षा द्यायची गरज नाही.

विहारांना तर हे काम नवे नाही, फक्त सुटलेले आहे. बुद्धाची रीत काय होती? मेलेले मूल घेऊन आलेल्या किसा गोतमीला त्याने मंत्र दिला नाही, कोप सांगितला नाही, तिला दारोदार पाठवले, जिथे मृत्यू झाला नाही अशा घरातून मोहरी आण म्हणून. ती घराघरांत लोकांचे दुःख ऐकत फिरली. थेरीगाथेत पुण्णा आहे, दासीच्या पोटी जन्मलेली, थंडीत पाणी भरणारी. पापे धुण्यासाठी कुडकुडत नदीत उतरलेल्या ब्राह्मणाला ती विचारते की पाण्याने शुद्ध होत असेल तर मग बेडूक आणि कासवे स्वर्गात जातील का. अडीच हजार वर्षांपूर्वीची मोलकरीण देवभीतीची हवा काढून घेते आहे, आणि आपल्या विहारांत रविवारी वंदना संपली की दहा मिनिटांत कुलूप लागते.

कुलूप तासभर उशिरा लावा. वंदनेनंतर एखादी थेरी, नाहीतर ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मधले एखादे प्रकरण वाचायचे, मग ज्याला बोलायचे त्याने बोलायचे. अजून देवाची भीती वाटते असे कुणी म्हणाले तर कुणी हसायचे नाही, उपदेश करायचा नाही. बायांची बैठक बायांनी चालवायची. एकट्याने दीक्षा घेतलेल्या मातंग, चर्मकार, भटक्या, ओबीसी मुलामुलींना सणाच्या दिवशी आपल्या घरी जेवायला बोलवायचे, कारण त्या दिवशी त्यांच्या घरचे दार त्यांना बंद असते. आणि बोलणे विहाराबाहेर जाणार नाही एवढी हमी द्यायची. त्यासाठी मोबाईल दारातच ठेवायचे.

जय भीम! नमो बुद्धाय!